पहिला दात कोणी पाहिला

त्रोम्सो, १४ जानेवारी

दादा,

फोन केला की तू "हं" म्हणतोस. मग मी बोलते, मग पुन्हा तुझं "हं". शेवटी आधी कोण ठेवतंय याची दोघंही वाट बघत बसतो. म्हणून हे पत्र. दुकानवाली एल्ले रविवारी पठारावर तुझ्या झोपडीकडे सामान घेऊन निघतेय, ती तुझ्या हाती देईल अशी तजवीज केलीय. उत्तरही तिच्याकडेच दे, आणि कागदावर "हं" लिहू नकोस.

मी थकलेय रे. एकसष्ट झाली, आणि नोव्हेंबरपासून एक दिवस सुट्टी नाही. साडेनऊला बस येते, त्यातून चाळीस पाहुणे उतरतात. प्रत्येकाला जाड कपडे चढवा, प्रत्येकाचे बूट बदला. सूर्य अजून डोंगरामागेच आहे, त्यामुळे अकरा ते दोनच्या निळ्या उजेडात तीन फेऱ्या उरकायच्या. रेनडिअरचे बैल जुंपलेल्या स्लेजच्या रांगेपुढे दोर धरून मी चालायचं, तळ्याला वळसा घालून परत यायचं. मग बैलांना चारायला पाहुण्यांच्या हातात दगडफुलाच्या बादल्या द्यायच्या, फोटोत हसायचं, तंबूत मांसाचा रस्सा वाढायचा, आणि कुणीतरी म्हणालं की गायचंही. परवा पुढचा बैल मध्येच खाली बसला तो उठेचना. खरं सांगते, मीही त्याच्या शेजारी बसले. पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी.

आणि रोज तोच प्रश्न, "तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत?" आपल्यात सख्ख्या भावालाही कोणी असं विचारत नाही. मी ठरलेलं उत्तर देते, झाडाच्या अलीकडेही आहेत, पलीकडेही आहेत. ते हसतात. त्यांना काय ठाऊक, की ही सगळी जनावरं चुलतभाऊ क्लेमेतची, आणि माझं म्हणावं असं एक शिंगसुद्धा नाही.

ते जाऊ दे. पत्राचं कारण वेगळंच आहे. मार्जाची सुन्ना सहा महिन्यांची झाली. लाळेनं सगळं झबलं भिजवते, हिरड्या सुजल्यात, दात आज येतो की उद्या. आणि मी तिच्या तोंडात बघत नाही. चमचा कडेकडेनं भरवते, जांभई दिली की मान फिरवते. मार्जा म्हणते, "आई, तुला वेड लागलंय." तिला काय, आईनं पाहिलेला दात आपल्या घरात धरत नाहीत. पण दुसरा जो पहिल्यांदा बघेल त्यानं पोरीला रेनडिअरची मादी द्यायची, ही रीत तर तिलाही ठाऊक आहे. मला तो बघणारा तू हवा आहेस.

तुझ्या कळपात सुन्नाची एक मादी चालायला लागली की पोरगी आपल्यातली झाली. पाय ठेवायला जागा झाली तिला. नाहीतर वीस वर्षांनी तीही बसमधून उतरेल आणि विचारेल, स्लेजमध्ये कुठे बसायचं? मार्जा दवाखान्यात रक्त तपासते, तिला कळपात रस नाही, ते मी सोडून दिलं. पण नातीचं सोडवत नाही.

ये ना. एक दिवस ये, तोंड उघडून बघ, जा.

राव्ना


काउतोकेइनो पठार, २५ जानेवारी

राव्ना,

हं.

लिहू नको म्हणालीस म्हणून लिहिलं.

नाताळाआधी बर्फावर पाऊस पडला, मग गोठलं. जानेवारीत पुन्हा तेच. खालचं दगडफूल काचेखाली गेल्यासारखं झालंय. जनावरं खुरांनी उकरतात, रक्त निघतं, मग नाद सोडतात. मी स्नोस्कूटरवरून गोळीपेंडीचा खुराक ओढून नेतो. सकाळी एक खेप, दुपारी एक. कमजोर जनावराला तो पचत नाही, पोट फुगून आडवं होतं. सहासष्टाव्या वर्षी पोतं उचलताना माझीही गत तीच होते.

तुझं बरं आहे. तुझी जनावरं गोल फिरतात आणि बादलीतून खातात. तू माणसांना बसवून फिरवतेस, मी जनावरांना हाताने भरवतो. बाबांनी दोघांकडे बघून काय म्हटलं असतं, ते इथे लिहीत नाही.

दाताचं म्हणशील तर येतो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. रस्ता वाईट आहे. पोरांना दातांची घाई नसते, ती म्हाताऱ्यांना असते.

एल्ले बाहेर गाडी चालू ठेवून उभी आहे आणि पेट्रोल जळतंय म्हणून माझ्या नावानं खडे फोडतेय. पुरे करतो.

इस्सात


त्रोम्सो, ७ फेब्रुवारी

दादा,

घात झाला.

काल आपल्या सामी लोकांचा राष्ट्रीय दिवस. क्लेमेतनं खांबावर झेंडा चढवला, केक आणला, आणि पाहुण्यांच्या एकीऐवजी दोन बसगाड्या बोलावल्या. मार्जाला अचानक ड्यूटी लागली, सांभाळणारी तापानं पडली. मग सुन्नाला घेऊनच मी कामावर गेले. तंबूत शेकोटीपासून लांब पाळण्यात ठेवली आणि रस्सा वाढायला वळले.

पाहुण्यांत पोर्तुगालची एक म्हातारी होती, शाळेतून निवृत्त झालेली. स्लेजमध्ये बसताना सगळे किंचाळतात, ती मात्र बैलाला "दमलास का रे बाबा" असं काहीसं तिच्या भाषेत विचारत होती. त्यामुळे मला ती बरी वाटली होती. पाठ फिरते न फिरते तोच तिनं पाळण्यात बोट घातलं, सुन्नानं ते तोंडात घेतलं, आणि बाई ओरडली. आधी मला वाटलं चावली. ती स्वतःच्या दातावर नखानं टकटक करून मला दाखवत होती. दात! सगळ्या तंबूला दाखवत होती!

मी म्हटलं, दुधाची साय असेल. तिनं मान हलवली. चाळीस वर्षं लहान मुलांच्या शाळेत काढलेल्या बाईला दात आणि साय कळत नाही होय? क्लेमेतला तर आयतंच कोलीत मिळालं. त्यानं लगेच उभं राहून आपली रीत सगळ्यांना सांगितली, की आता बाईंनी या मुलीला रेनडिअरची मादी द्यायची. हशा झाला. बाई मात्र हसल्या नाहीत. पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "माझ्याकडे रेनडिअर नाही हो. बाल्कनीत दोन मांजरी आहेत." जाताना माझा हात धरून दोनदा माफी मागितली. बस सुटली तरी खिडकीतून हात जोडत होत्या.

आणि क्लेमेत! संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्यात कार्यक्रमाची नवी बाब तयार. दर बसला एक बाळ. मी म्हटलं, "दर बसला बाळ कोण आणणार, तू?" तेव्हा झेंडा उतरवायला निघून गेला.

दादा, पाहुण्यांनी पाहिलेलं धरत नाहीत ना? त्या आपल्यातल्या नाहीत, त्यांना रीत ठाऊक नव्हती. धरत नाहीतच. तू अजून पहिलाच आहेस. लवकर ये, हात जोडते.

राव्ना


काउतोकेइनो पठार, १५ फेब्रुवारी

राव्ना,

पत्र वाचून पुष्कळ दिवसांनी हसलो. बाल्कनीत दोन मांजरी! एल्लेलाही वाचून दाखवलं, ती इतकी हसली की पेट्रोल विसरली.

पण रीत ती रीत. बघणारा कुठला, कोणत्या भाषेचा, हे ती विचारत नाही. ज्यानं पाहिलं त्यानं पाहिलं. बाईंनी पाहिलं, विषय मिटला. देणं त्यांच्याकडे गेलं आणि त्या घरी गेल्या. आता त्यावर तू तरी काय करणार, मी तरी काय करणार?

तेव्हा माझी वाट बघू नकोस. पोरीला मांजराचं पिल्लू घेऊन दे. शहरात तेच बरं.

इकडे या आठवड्यात पाऊस नाही. जनावरं उभी आहेत, तेवढं पुष्कळ.

इस्सात


त्रोम्सो, २३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. लहानपणापासून तुला ओळखते. अवघड कामातून सुटका झाली की तुला विनोद सुचतात. तेव्हा काल दुकानात फोन लावला आणि एल्लेला स्पष्ट विचारलं, माझ्या भावाला झालंय तरी काय? ती आधी घुटमळली. मग म्हणाली, "तुला माहीत नाही? शरद ऋतूत कळप बंद करतोय तो. कागद भरून झालेत."

मला एल्लेकडून कळावं? दुकानवालीकडून?

म्हणजे रस्ता वाईट नव्हता. तुला यायचंच नव्हतं. मी इकडे पोरीचा घास कडेकडेनं भरवतेय, आणि तू तिकडे एखादी परदेशी बाई मध्ये येऊन तुला सोडवते का, याची वाट बघत होतास. मिळाली, हसलास, मोकळा झालास.

मला राग आलाय, आणि नुसता तुझाच नाही. आता खरं ऐक. त्या बाईंनी पहिल्यांदा पाहिलंच नाही. मी पाहिलं. नऊ जानेवारीला, तुला पहिलं पत्र लिहायच्या पाच दिवस आधी. लापशी भरवत होते. चमचा वाजला. मी खाली वाकून बघितलं, खालच्या हिरडीत डावीकडे, तांदळाच्या कणीएवढा. आनंदानं ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण ओरडले तर देणार काय? एकतीस वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या माणसाशी लग्न करून निघाले तेव्हा तू दारात म्हणालास, "मासेच मोजत बस आता." मी म्हणाले, "माझी जनावरं आहेत ती कापून टाक, मला त्यातलं काही नको." तू म्हणालास, "बरं." तेव्हा मोठी फुशारकी वाटली होती. त्या चमच्याच्या आवाजाबरोबर ती सगळी उतरली.

म्हणून मी खोटं बोलले. तुझ्याशी, मार्जाशी, त्या बिचाऱ्या पोर्तुगीज बाईशीही. त्या अजून घरी बसून एका रेनडिअरची टोचणी घेऊन झुरत असतील. त्यांचा पत्ता क्लेमेतकडून घेऊन मी उद्याच लिहिते, की बाई, तुमच्याकडे काही नाही, सुखानं झोपा.

तुझ्याकडेही काही नाही. बघणारी मी, देणं माझं, आणि माझे हात रिकामे. आज पुढचा बैल पुन्हा बसला. या वेळी मी बसले नाही, कारण बसले असते तर उठले नसते.

राव्ना


काउतोकेइनो पठार, ४ मार्च

राव्ना,

एल्लेला सांगितलं, आज गाडी बंद कर आणि आत येऊन कॉफी पी, मला वेळ लागेल. तिनं आपल्याकडच्या रीतीनं कॉफीत चीज बुडवलंय आणि ती मुद्दाम खिडकीबाहेर बघतेय.

कळप बंद करतोय, ते खरं. या हिवाळ्यात सकाळी स्कूटरवरून उतरताना मला डावा पाय हातानं उचलून बाहेर काढावा लागतो. पोरगा खाणीत लागला, त्याचं घर तिकडे, त्याला दोष देत नाही. सांगितलं नाही, कारण तुला सांगणं म्हणजे जनावरं सोडून गेलीस त्यात तू बरोबर होतीस हे कबूल करणं. आलो नाही, कारण दात पाहिला असता तर मादी द्यावी लागली असती, आणि जो कळप शरदात उरणारच नाही त्यातली मादी तान्ह्या पोरीला काय म्हणून द्यायची? असली फसवणूक माझ्याच्यानं झाली नसती. तू मला भित्रा म्हण, कंजूष म्हणू नकोस.

आता तुझं.

मी पाच वर्षांचा होतो. तू पाळण्यात रडत होतीस, आईनं मला गप्प करायला पाठवलं. मी बोट घातलं, तू चावलीस. मी धावत सगळ्यांना सांगत सुटलो. मला वाटलं शाबासकी मिळेल. बाबा म्हणाले, "मग दे." माझ्याकडे एकच मादी होती, पुढच्या पायावर पांढरा पट्टा असलेली. मी दोन दिवस रडलो. तरी त्यांनी ती माझ्याच हातानं तुझी करायला लावली. हे तुला कोणी सांगितलं नसेल, कारण मी सगळ्यांना शपथा घातल्या होत्या.

तू कापून टाक म्हणालीस आणि मी बरं म्हणालो, तेव्हा खरंच कापायला निघालो होतो. मोठी जनावरं गेली. पण त्या पट्टेवालीच्या वंशातल्या तीन माद्या पुढे आल्या, आणि माझ्यानं झालं नाही. ज्या वंशासाठी मी दोन दिवस रडलो तो तुझ्या रागासाठी संपवायचा? म्हटलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी पाडसं झाली, त्यांच्या कानांवर तुझी मालकीची खूण कापली. दुसरी कुठली कापणार, त्यांची आई तुझी होती. असं एकतीस उन्हाळे चाललंय. कागदावर तुझं नाव कधी खोडलंच नाही. वाईट वर्षी माझी कमी केली, तुझ्या माद्यांना हात लावला नाही. या हिवाळ्यातही त्यांना आधी भरवतो, मग माझ्यांना.

सांगायला हवं होतं. पहिली काही वर्षं रागानं सांगितलं नाही. पुढे लाज वाटली. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, पण आपल्यात कोण कोणाला विचारतं? किती आहेत ते आताही लिहीत नाही. येऊन बघ.

माझी शरदात जातील. तुझी जाणार नाहीत. कळप राखणाऱ्या आपल्याच गटातल्या मारेतला, ती सांभाळशील का, असं तू लिहायच्या आधीच विचारलं होतं. चौतीस वर्षांची आहे, तिरसट आहे, हात चांगला आहे. म्हणाली, "म्हाताऱ्याची असती तर घेतली नसती, राव्नाबाईंची आहेत म्हणून घेते. पण कान कापायला मालकांनी यायचं, मी कोणाची गडी नाही." तेव्हा बघ बाई. तू दात पाहिलास तेव्हा तुझे हात रिकामे नव्हते.

एल्ले खांद्यावरून चोरून वाचत होती, तिनं आता उघडच डोळे पुसले. कॉफीची वाफ म्हणते.

इस्सात


त्रोम्सो, ११ मार्च

दादा,

एकतीस वर्षं! अरे मेल्या, एकतीस वर्षं मी दुसऱ्याचे बैल दोरीला धरून तळ्याभोवती फिरवले, आणि तू माझ्या जनावरांना भरवत होतास! पत्र वाचून तुला इतक्या शिव्या दिल्या की सुन्ना रडायला लागली. मग मीही रडले. मग क्लेमेतला फोन करून सांगितलं, गुरुवारपासून चार दिवस मी नाही. तो म्हणाला, बसगाड्या भरलेल्या आहेत. मी म्हटलं, तू चाल पुढे.

गुरुवारी निघते. माझं अंग अजून दुखतंय, तेव्हा आल्या आल्या मला पठारावर पळवू नकोस. आधी झोपेन, मग माझ्या माद्या बघेन, त्यातली एक सुन्नाच्या नावानं देईन, आणि मग तुझ्याशी भांडेन. तुझ्या कळपाबद्दल मी तुला काही समजवायला येत नाही. पाय उचलवत नसेल तर नसेल. तुझ्याजवळ बसायला येतेय.

मार्जाला तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं नाही, टेबलावर ठेवलं आणि भांडी घासायला गेले. परत आले तर ती शेवटचं पान हातात घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "जुलैत पाडसांचे कान कापता, तेव्हा त्यांना दुखतं का?"

मी म्हटलं, दुखतं.

म्हणाली, "मग सुन्नाच्या पाडसाला मी घट्ट धरेन, तू पटकन काप. आणि पुढच्या पाडसाच्या वेळी मला कापायला शिकव."

राव्ना